दिव्याचा रकाना

"अख्खं शहर एकाच जागी बहिरं झालं का काका?"

डॉक्टरबाईंनी टेबलावर पेशंटच्या आलेखांचे कागद पत्त्यांसारखे पसरले. "हा बघा. हा बघा. आणि हा. प्रत्येकाची रेघ इथपर्यंत नीट येते आणि इथे आली की खड्ड्यात पडते. माणसं वेगळी, वयं वेगळी. खड्डा तोच."

कान तपासणारे आमचे कानकाका चष्मा कपाळावर चढवून कागद बघत होते. मी दारात उभा, हातात प्रिंटरची केबल. मला प्रिंटरसाठी बोलावलं होतं. पण अशा वेळी आत जायचं नसतं आणि निघूनही जायचं नसतं.

"आणि हे काय?" बाईंनी त्याच कागदांच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "कानात शिट्टी वाजते, असं तुम्ही या अकराही जणांच्या कागदावर लिहिलंय. तीन आठवड्यांत अकरा! एरवी महिन्याला दोन नाहीतर तीन."

"ते म्हणाले, मी लिहिलं. मनाचं लिहीत नाही मी."

"मशीन?"

"गेल्याच महिन्यात तपासून आलंय. आणि रोज सकाळी मी स्वतः कानाला लावून बघतो. रजिस्टर आहे ना."

"मशीन चांगलं, लोक चांगले. मग राहिलं कोण?" बाई बोलून गेल्या. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारपर्यंत शोधा. नाहीतर बाहेरून माणूस बोलवावा लागेल. तो आला की सगळंच तपासेल."

सगळंच म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. कानकाकांनी विचारलंही नाही.

आणि मला तो आकडा टोचला. तीन आठवडे. कारण तीन आठवड्यांपूर्वी मी एक उद्योग केला होता.

माझं काम सांगतो. या तीन मजली दवाखान्यात सगळे मला वायरवाला म्हणतात. संगणक, प्रिंटर, फोन, ज्याला वायर आहे ते माझं. मी हे कुठे शिकलो नाही. व्हिडिओ बघून, दोन-चार गोष्टी जाळून शिकलो. तीन आठवड्यांपूर्वी मी दुसऱ्या मजल्यावर एक स्विच बसवला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो पत्र्याचा चपटा डबा. एक ऑफिस बंद पडलं, त्यांच्या भंगारातून मला मिळाला. चोवीस वायरींचा, दणकट. फक्त आत काडेपेटीएवढे दोन पंखे होते, आणि ते असे ओरडायचे की बास. मी तो भिंतीतल्या कपाटात ठेवला, दार लावलं. कपाटातून शेजारच्या खोलीत एक वायर न्यायची होती म्हणून भिंतीला भोक पाडलं. अंगठा जाईल एवढं. वायर करंगळीपेक्षा बारीक. उरलेलं भोक नंतर बुजवू म्हणून तसंच ठेवलं.

शेजारची खोली म्हणजे कान तपासायची खोली. वायर कानकाकांच्याच संगणकासाठी होती.

कानकाका चौतीस वर्षं त्या खोलीत आहेत. तेविसाव्या वर्षी शिपाई म्हणून लागले. आधीच्या डॉक्टरांचं मशीन उचलून इकडून तिकडे न्यायचे. ते डॉक्टर तपासायचे, हे बघायचे. बघून बघून शिकले. एकदा डॉक्टर तापाने पडले तेव्हा यांनी सात जण तपासले आणि सातही बरोबर निघाले. तेव्हापासून खोली यांची. हल्ली या कामाला डिप्लोमा लागतो. यांच्याकडे नाही. नवा माणूस ठेवायचा विषय निघाला की कानकाका एकच वाक्य म्हणायचे, "माझ्याकडे कागद नाही. कान आहेत." निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

मला ते आवडायचे. एक तर ते माझ्यासारखेच, कुणी न शिकवता शिकलेले. आणि त्यांच्या युक्त्या भारी होत्या. पेशंटला कधीच "ऐकू येतं का?" विचारायचे नाहीत. म्हणायचे, "असं विचारलं की ठार बहिरा पण हो म्हणतो. लाज वाटते माणसाला." एकदा एक जण नुकसानभरपाईसाठी बहिरेपणाचं सोंग घेऊन आला. मशीनपुढे दगडासारखा बसला. कानकाकांनी कागद आवरले, त्याच्या पाठीमागे गेले आणि अगदी हळू म्हणाले, "तुमच्या खिशातून काहीतरी पडलं." तो लगेच खाली वाकला.

तर असा माणूस. आणि मी त्यांच्या भिंतीला भोक पाडलं होतं.

शनिवारी दोनला दवाखाना बंद होतो. शेवटचा पेशंट गेल्यावर मी खोलीत गेलो. दार लावलं. भिंतींना जाड फोम, फरशीवर सतरंजी, बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि त्या शांततेत एक बारीक, टोकदार शिट्टी. सुई कानात घालून कुणी फिरवतंय तशी. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं.

"काका, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कुठला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान जरा तिरकी केली. डावा कान पुढे. मग उजवा. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तीस-चाळीस हजार माणसांचे चेहरे वाचलेला माणूस. माझा एक वाचायला किती वेळ लागणार?

"हां, तो," ते म्हणाले. "तो असतोच."

मला तेव्हाही कळलं नाही, खरं सांगतो. मी माझ्याच चुकीच्या धसक्यात होतो. म्हटलं, "तो माझ्या स्विचचा असणार. थांबा, मी बंद करून बघतो. तुम्ही इथेच बसा, थांबला की सांगा."

मी बाहेर आलो, कपाट उघडलं, प्लग उपटला. पंखे आचके देत थांबले. भोकाला तोंड लावून ओरडलो, "काका, आता?"

"अजून येतोय!" आतून आवाज आला.

प्लग माझ्या हातात होता.

तेवढ्यात दार उघडून ते बाहेर आले, कपाटापाशी आले आणि त्यांनी माझा हात बघितला. हातातला प्लग. मग थांबलेला डबा. त्याच्यावरचे सगळे दिवे विझलेले.

त्यांनी डब्याच्या पत्र्याला हात लावून बघितला.

"म्हणजे ती शिट्टी त्यांच्या कानात नव्हती," कानकाका म्हणाले.

"नाही काका. भिंतीत होती."

"माझ्या हेडफोनच्या गाद्या झिजल्यात. बाहेरचं आत येतं. मशीनचा तेवढाच बारीक आवाज त्या शिट्टीतच बुडत असणार." हे त्यांनी अगदी कामाचं बोलल्यासारखं सांगितलं. मग, "अकरा जणांनी सांगितलं मला. अकरा. मी प्रत्येकाला समजावलं, वयोमानाने होतं असं." आणि म्हणाले, "कपाटाचं दार लावून घे."

आणि पिशवी उचलून घरी गेले.

स्विच मी घरी आणला. जागेवर माझा एक छोटा जुना स्विच ठेवला, सोमवारपर्यंत भागेल असा.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. घरात दुसरं टेबल नाही. आधी एकदा चालू करून बघितला तर आई आतून आली, कानावर हात.

"हे काय आणलंस? विमान उतरवतोयस का?"

"दवाखान्याचा आहे. पंखे बदलायचेत."

"मग ते भंगारात टाक आणि नवीन घ्या म्हणावं."

"नवीन घ्यायचा तर चार सह्या लागतात आई. सोमवारपर्यंत एक पण होणार नाही."

छोटे पंखे काढले. छोट्या पंख्याला वारा द्यायचा तर जोरात पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा निवांत फिरला तरी तेवढाच वारा देतो. माझ्याकडे एका मेलेल्या संगणकातला तळहाताएवढा पंखा होता. तो आत मावत नव्हता. म्हणून डब्याच्या वरच्या पत्र्याला भोक पाडायचं ठरवलं. आईच्या पोह्यांच्या, नाही, साखरेच्या डब्याचं झाकण ठेवून गोल आखला.

"ते झाकण परत दे. आणि धुऊन दे."

"हो."

"गेल्या वेळी कात्री नेलीस ती अजून येतेय."

पत्रा कापायला दीड तास गेला. कडा कानशीने घासल्या. वर जाळी लावली. पंखा जोडला, चालू केला. आवाज? हात धरला तर वारा लागत होता, एवढाच पुरावा. आई म्हणाली, "चालू आहे का?" मला फार बरं वाटलं.

पण डब्याच्या तोंडावर लाल दिवा लागला. या स्विचला पंख्याचा वेग कळतो, एका पिवळ्या वायरीतून. त्याला सवय पळणाऱ्या पंख्यांची. हा निवांत फिरणारा पंखा त्याला मेलाच वाटला. आता यावर नेटवर सगळ्यांनी एक लबाडी सांगितलेली आहे. ती पिवळी वायर पंख्याला लावायचीच नाही, डब्याच्या पत्र्याला टेकवून टाकायची. या मॉडेलला मग वाटतं सगळं आलबेल. मी टेकवली. लाल गेला, हिरवा लागला. झालं काम.

गंमत म्हणून पंख्याच्या पात्यात पेन्सिल घातली. पंखा थांबला. दिवा हिरवाच.

पेन्सिल तशीच धरून बसलो मी. डबा गरम व्हायला लागला. दिवा म्हणतोय, ठीक आहे. डबा जळला असता तरी तो ठीकच म्हणाला असता. मला तेव्हा ते रजिस्टर आठवलं. रोज सकाळची सही. "ऐकून पाहिले, ठीक."

मी पेन्सिल काढली.

माझ्या खोलीसाठी म्हणून आणलेली रंगीत दिव्यांची पट्टी कपाटात पडून होती. पलंगाच्या मागे लावणार होतो, वर्ष झालं. ती काढली. पंख्याची स्वतःची पिवळी वायर एका छोट्या बोर्डाला जोडली आणि बोर्ड पट्टीला. सोपं गणित. पंखा फिरतोय तोवर निळा. थांबला की लाल. आणि आवाज करण्याइतका जोरात पळायला लागला तर पिवळा. पट्टी डब्याच्या पुढच्या कडेला चिकटवली. सगळा डबा खालून निळा उजळला.

आई चहा घेऊन आली. बघत राहिली.

"हे कशाला? आइस्क्रीमचं दुकान काढलंस?"

"एका काकांना बघायचंय."

"काय बघायचंय?"

"आवाज," मी म्हणालो. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सोमवारी मी तासभर आधी गेलो. तर कानकाका माझ्याही आधी. खोलीत दिवा लावून बसलेले. टेबलावर अकरा कागद ओळीत मांडलेले.

मी स्विच बसवला. भोक फोमने आणि पुट्टीने बुजवलं, घट्ट. मग त्यांना हाक मारली. ते आले. कपाटातून निळा उजेड त्यांच्या शर्टावर पडला.

"हे काय रे वायरवाल्या? सर्कस आणलीस?"

"काका, निळा म्हणजे पंखा नीट चाललाय. लाल म्हणजे बंद. पिवळा म्हणजे आवाज करतोय." मी एका दमात सांगून टाकलं. त्यांच्याकडे न बघता.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "घालू?"

"घाला, पण जपून."

त्यांनी जाळीतून पेनचं टोक आत घातलं. पंखा थांबला. पट्टी लाल झाली. पेन काढलं. निळी झाली. परत घातलं. परत काढलं. चार वेळा केलं.

"म्हणजे मला दिसेल," ते म्हणाले.

"हो."

"बाहेरचा माणूस आता आला तर त्याला काही सापडणार नाही."

"नाही सापडणार. आवाज गेला."

मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. मला तर वाटलं होतं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. भोक बुजलं, शिट्टी गेली, नवे कागद सरळ येणार. चौदा महिने सहज निघाले असते.

"चल आत," ते म्हणाले. "आज मशीन तू चालव."

"मी? मला येत नाही काका."

"मला तरी कुठे येत होतं?"

त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. हे चाक म्हणजे आवाज किती बारीक, हे चाक म्हणजे किती मोठा. हळू वाढवत जायचं. पेशंटने बटण दाबलं की इथे दिवा लागतो. तो आकडा लिहायचा. बास. मग पेशंटची खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. आणि तिच्यात स्वतः जाऊन बसले.

"पेशंटला आपला हात दिसू द्यायचा नाही. हात बघून दाबतात. मी पण दाबीन."

हेडफोन चढवला. बटण मुठीत घेतलं. मूठ गुडघ्यावर. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि मागचे पांढरे केस, हेडफोनच्या पट्टीने दबलेले.

जाड आवाजांना दिवा लगेच लागला. अगदी हळू दिले तरी. मला वाटलं, काहीच नाही, उगीच घाबरलो आपण. मग मी चाक बारीककडे नेलं. दोन हजार. थोडं वाढवावं लागलं. तीन हजार. बरंच. चार हजार.

मी आवाज वाढवत गेलो. तीस. चाळीस. दिवा नाही. त्यांचा अंगठा बटणावर होता, मला दिसत होता. पन्नास. ठेका धरून दाबून फसवणारे लोक असतात, त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांना तर ती लय पाठ असणार. आवाज कधी येतो, किती वेळ थांबून येतो, झोपेतही सांगतील. एकदा अंगठा दाबला असता तर मी लिहिलं असतं.

साठ. अंगठा हलला नाही. मी थांबलो. माझंच चाक फिरवायचं धाडस होईना.

"थांबू नको," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "पुढे जा."

पासष्टला दिवा लागला.

दुसऱ्या कानाचंही तसंच. मग ते उठले, माझ्या शेजारी बसले, आणि त्यांनी स्वतःचा आलेख स्वतः काढला. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. रेघ नीट आली आणि त्या ठरलेल्या जागी खाली पडली.

"माझा खड्डा मात्र खरा आहे," ते म्हणाले. नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं. तो कागद अकरांच्या वर ठेवला आणि गठ्ठा घेऊन निघाले. मी मागोमाग.

डॉक्टरबाई नुकत्याच आल्या होत्या. पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती. कानकाकांनी गठ्ठा समोर ठेवला. वरचा कागद बाईंनी वाचला. नाव वाचलं. परत वाचलं.

मी मध्येच म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. भोक मी पाडलं. पंखे माझे."

"तू गप रे," कानकाका म्हणाले. "तू भोक पाडलंस. अकरा जण सांगत होते ते मी ऐकलं नाही."

बाई बसल्या. मग एकेक विचारत गेल्या. कानकाका एकेक सांगत गेले. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "काका, हे कधीपासून?"

"माहीत नाही. घरी सून म्हणते कुकरची शिट्टी ऐकू येत नाही का. मला वाटायचं, तिला कामं सांगायची असतात."

बाईंना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तपासणं तुम्हीच करा. आकडे मशीन देतं, आणि माणसं तुमच्याइतकी कुणाला कळत नाहीत. पण सकाळी मशीन ऐकून बघायचं, ते तुम्ही नाही. त्याला चांगला कान लागतो. ते हा करेल." माझ्याकडे बोट. "आणि अकराही जणांना परत बोलवा."

"फोन मी करतो," कानकाका म्हणाले.

दिवसभर ते पेशंट संपले की फोन करत होते. प्रत्येकाला तेच. "चूक आमची होती. शिट्टी तुमच्या कानात नव्हती, आमच्या भिंतीत होती." एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या फोनवर एवढ्या मोठ्याने बोलल्या की मलाही ऐकू आलं. "म्हणजे तीन आठवडे मी गोळ्या खातेय त्या तुमच्या भिंतीसाठी?" कानकाका म्हणाले, "हो बाई. भिंत आता बरी आहे. तुम्ही या." अकरा जण आठवडाभरात येऊन गेले. नऊ जणांच्या रेघा सरळ निघाल्या. दोघांना शिट्टी खरीच होती.

पण ते पुढचं. मंगळवारी सकाळी मी साडेआठला त्यांच्या खोलीत गेलो. कानकाकांनी रजिस्टर काढून ठेवलं होतं. जाड, कापडी पाठीचं. तारीख, शेरा, सही. खाली खाली एकच शेरा आणि एकच सही, पानंच्या पानं.

मी हेडफोन घातला. त्यांनी चाकं फिरवली, मी ऐकलं. जाड, मध्यम, बारीक. चार हजार. स्वच्छ, कुठे खरखर नाही.

"ठीक आहे काका."

"दोन्ही बाजू?"

"दोन्ही."

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मी शेरा लिहिला आणि सही केली. त्यांच्या सहीच्या बरोबर खाली. माझी सही वेडीवाकडी आहे, तिथे तर फारच वाटली.

मी पेन परत दिलं. ते बाहेर गेले. कपाटाच्या दाराची कडी वाजली, थोडा वेळ गेला, परत कडी वाजली. आत आले, खणातून पट्टी काढली, आणि माझ्या सहीच्या पुढे वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली. नवीन रकाना. वर लिहिलं, "दिवा".

खाली लिहिलं, "पाहिला. निळा." आणि सही केली. तीच, चौतीस वर्षांची.

मग रजिस्टर मिटून, पेशंटची खुर्ची सरळ करून म्हणाले, "बोलव पहिल्याला."